रिकाम्या घमेल्यांची नदी

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. डोणगावच्या स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. मेहकर तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांना मी घोड्यावरून खाली उतरवून पुन्हा चढवलेलं आहे, कारण पहिल्या वेळी त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं. भटजीच्या मुलानं मंत्र सोडून कॅमेरा धरला म्हणून वडील शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. पण या धंद्यानं मला एक अक्कल दिली. पाठवणीच्या वेळी कोण खरं रडतंय आणि कोण कॅमेरा पाहून डोळ्याला पदर लावतंय, हे मला लांबून ओळखू येतं. बेबीताईंच्या बाबतीत मात्र ही अक्कल बिनकामाची ठरली. ही बाई रडतच नसे. ती भांडत असे.

पैनगंगेच्या काठी आमच्या बाजूला जी लहान लहान गावं आहेत, त्यांतल्या एकात त्या राहतात. बौद्धवस्ती नदीला सगळ्यात जवळ, आणि वस्तीतलं शेवटचं घर बेबीताईंचं. अंगानं काटक, उंच, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या म्हशी कान टवकारतात. नवरा, माणिकराव, पोरं लहान असतानाच गेला. बाईनं रोजगार हमीवर माती वाहून दोन्ही पोरं वाढवली. मोठा देवानंद, धाकटा रवी.

रोजगार हमीच्या कामावर बायांची साखळी असते. खोदणाऱ्यानं घमेलं भरायचं, एकीनं दुसरीला द्यायचं, दुसरीनं तिसरीला. भरलेलं पुढे जातं, रिकामं मागे येतं. साखळीच्या शेवटची बाई भराव टाकते. ही जागा सगळ्यात अवघड. घमेलं उलटं करताना एक पाऊल पुढे टाकायचं, मनगटाला झटका द्यायचा, माती कडेला पडली की तिच्यावर पाय देऊन आणखी पुढे व्हायचं. भराव वाढत जातो तशी बाईही पुढे सरकत जाते. आमच्या भागातले कितीतरी बांध आणि रस्ते असे बेबीताईंच्या पायाखालून पुढे सरकलेले आहेत. शेवटच्या जागेवर कायम त्याच.

देवानंद मोटारींचं काम करायचा. विहिरीतली, नदीतली, कुणाचीही मोटार बंद पडली की त्याला फोन. रविवारी विहारात वंदना तोच घ्यायचा. पाचही शीलं स्वतः म्हणायचा आणि पोरांकडून म्हणवून घ्यायचा. दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणताना आवाज जरा चढवायचा, कारण समोर बसलेल्यांत कोणाला ते ऐकवायची गरज आहे हे त्याला ठाऊक होतं. लोक त्याला मागून ‘भंतेजी’ म्हणून चिडवायचे. तो हसायचा.

दोन पावसाळ्यांपूर्वी नदीला पूर येतोय असं दिसल्यावर एका शेतकऱ्याची मोटार काढायला तो पात्रात उतरला. पात्र कसलं, चाळण. रेतीचा ठेका घेतलेल्या भगवंतरावाच्या ट्रॅक्टरांनी रेती उपसून जागोजागी डोह करून ठेवले होते. देवानंद परत आला नाही. दुसऱ्या दिवशी खाली बाभळीत अडकलेला सापडला. काठावर त्याच्या चपला होत्या आणि चपलांशेजारी दारूची रिकामी शिशी.

त्या शिशीनं सगळं ठरवून टाकलं. दारूच्या नशेत पाय घसरून बुडाला, असा पंचनामा झाला. ज्या पंचांनी सह्या केल्या ते भगवंतरावाच्याच ओट्यावर बसणारे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? आमच्या नदीत तर पाणीही धड राहिलं नव्हतं, मासे मात्र गलेलठ्ठ झाले होते.

पोर गेल्याचं दुःख बाईनं कसं गिळलं ते मला माहीत नाही. शिशी मात्र तिच्या घशाखाली उतरली नाही. ती जो भेटेल त्याला विचारत सुटली. बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात. फ्रेम करायला देवानंदचा फोटो घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मलाही विचारलं, “निळूभाऊ, माह्या देवानंदाच्या तोंडाले तुम्हाले कधी वास आला का? आला असन तं सांगा.”

मी नाही म्हटलं. खरोखरच नव्हता आला.

“मंग हे लिहून काऊन ठेवलं बे त्यायनं?” मला बे म्हणण्याएवढी ती माझ्याहून मोठी होती, आणि रागही तेवढा होता.

आधी लोकांना कीव आली, मग कंटाळा आला, मग मजा वाटायला लागली. विहारात कुणी शील म्हणताना अडखळलं की मागून हलकेच आवाज यायचा, “भंतेजीले विचारा.” देवानंदची बायको सारिका, तिनंही शेवटी विश्वास ठेवला. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. नवरा पीत होता आणि सासूनं ते आपल्यापासून लपवलं, असं तिच्या मनात भरलं. धामणगाव बढ्याला माहेरी गेली ती परत आली नाही. जाताना सासूला म्हणाली, “तुमी खोट्या हा.” बेबीताईंच्या भांडणात यानंतर धार आली. जग काय म्हणायचं ते म्हणो, सारिकेला खरं कळलं पाहिजे. बाईला याशिवाय दुसरं काही नको होतं.

धाकट्या रवीचं काय, असं तुम्ही विचाराल. रवी भगवंतरावाच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. भाऊ गेल्यावरही राहिला. आईला ते सलायचं, पण घरात चूल पेटायची ती त्याच्यावरच. आणि एक मेल्यावर दुसऱ्याला घराबाहेर काढायचं धैर्य कोणत्या आईत असतं? दोघं एकमेकांशी जेवणापुरतं बोलत.

अशात गेल्या उन्हाळ्यात श्रद्धा आली. बुलढाण्याच्या एका कारकुनाची मुलगी, नागपूरला चित्रकला शिकलेली. तिला नदीचा प्रवाह दाखवायचा होता. पण नदी कोरडी, म्हणून माणसांनी मिळून प्रवाह व्हायचं आणि त्याचा व्हिडिओ करायचा. मला ड्रोन आणि कॅमेऱ्यासाठी बोलावलं. मी म्हटलं, आजवर वरातीत नाचणारी माणसं टिपली, आता नदी होणारी टिपू. पोरगी कष्टाळू होती, हे कबूल केलं पाहिजे. उन्हात बायांबरोबर बसून भाकरी खायची, वर ‘मॅडम’ म्हटलं की चिडायची.

तिची पहिली कल्पना म्हणजे लांबच लांब निळं कापड. वस्तीतल्या बायांनी ते दोन्ही बाजूंनी धरून पात्रातून पळायचं. वारा असा सुटला की नदी उडाली आणि बाभळीत जाऊन अडकली. काटे काढता काढता संध्याकाळ झाली.

“मॅडम, नदी का अशी फडफडते?” बेबीताई म्हणाल्या. बाया पोट धरून हसल्या.

दुसरी कल्पना टँकरची. पाणी आणून पात्रात सोडायचं आणि त्याच्यासोबत चालत जायचं. यावर मात्र कोणी हसलं नाही.

“पेयाचं पाणी रेतीत ओतता?” बेबीताईंचा आवाज चढला. “आमच्या घरी हंडे पालथे पडले हायेत, बाई.”

श्रद्धा वरमली. खाली बसून रेतीत रेघा मारायला लागली. मग बेबीताईंनीच तोडगा काढला. “आमाले घमेली द्या. रिकामी. आमी साखळी करतो अन् भरल्यासारखी चालवतो. आमच्या हाताले वजन ठावं हाये.”

करून पाहिलं. वरच्या वळणापासून खालच्या डोहापर्यंत बाया पात्रात उभ्या राहिल्या आणि रिकामी घमेली हातोहात खाली येऊ लागली. पण कोणी म्हणेल का रिकामी? घेताना कंबर वाकायची, देताना दंड ताणले जायचे, पाणी सांडू नये म्हणून नजर घमेल्याच्या काठावर. लहानपणी मी या नदीत पोहायला शिकलो. त्या बायांच्या हातांतून ती मला पुन्हा दिसली, आणि मी काही हळवा माणूस नाही.

बेबीताईंनी तीन अटी घातल्या. नदी संपेल ती ज्या खड्ड्यात देवानंद गेला त्याच्यापाशी, आणि शेवटची जागा त्यांची. आणि व्हिडिओ बुलढाण्यात दाखवाल तेव्हा शेवटी माइक त्यांच्या हातात द्यायचा. “माहं पोरगं कसं गेलं थे मले चार लोकायसमोर सांगू द्या.” श्रद्धानं हो म्हटलं. बाईनं त्याच दिवशी माझ्या फोनवरून सारिकेला फोन लावला. “पोरी, मी बोलावन तवा बुलढाण्याले ये. मंग जिंदगीभर बोलू नोको माह्यासंग. पण एक डाव ऐकून जा.” मग सारिका येते म्हणाली.

शूटिंगच्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर आम्ही सुरुवात केली. ड्रोन श्रद्धाच्या मदतनिसाकडे, ती स्वतः वरच्या वळणावर, आणि मी खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर कॅमेरा लावून. बेबीताईंच्या शर्टाच्या कॉलरला माइक लावला होता, कारण श्रद्धाला त्यांचा श्वास हवा होता. तो श्वास माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये येत होता. खड्ड्यापाशी बाई एकटी दिसावी म्हणून साखळीतली आधीची बाई, महामाया, बरीच मागे उभी केली होती. बेबीताई मागे जाऊन घमेलं घ्यायच्या, खड्ड्यापर्यंत चालत यायच्या, ओतायच्या.

काठावर रवी उभा होता. भगवंतरावानं त्याला पाठवलं होतं, तुझी माय आमच्या खड्ड्यापाशी काय सोंग करते ते बघून ये म्हणून. हाताची घडी घालून खाली बघत होता.

घमेली येत होती. बेबीताई ओतत होत्या. एक पाऊल पुढे, मनगटाला झटका, रिकामं मागे. पुन्हा एक पाऊल पुढे. मला कॅमेऱ्यातून दिसत होतं, पण कळायला उशीर लागला. सारं आयुष्य भराव टाकण्यात गेलेलं. दर घमेल्यागणिक पुढे सरकायचं हे त्यांच्या पायांना पाठ होतं. इथे भराव नव्हता, माती नव्हती, पाणीसुद्धा नव्हतं, आणि तरी बाई कडेकडे सरकत होती. शेवटी पंजे अगदी कडेवर आले.

“माय! थांब!” रवी ओरडला आणि धावत सुटला. “पुढं नोको जाऊ! थे खालून पोकळ हाये!”

त्यानं तिला कमरेला धरून मागे ओढलं. दोघंही रेतीत पडली. ती उभी होती तेवढा तुकडा आवाज न करता खाली गेला. खड्ड्याच्या तळाशी हिरवं पाणी होतं, त्यात पडल्यावर तेवढा डुबुक आवाज झाला.

लांबून बायांना दिसलं ते एवढंच की पोरगा धावला आणि मायला सावरलं. पण माझ्या कानात ती दोघं होती.

“तुले कसं ठावं?” बेबीताईंना धाप लागली होती.

“उठ माय. चाल घरी.”

“तुले कसं ठावं, रवी? वरून तं सपाट दिसते.”

ती विचारत राहिली. शेवटी तो म्हणाला, “म्याच पोखरलं थे. खालून काढली की वरची रेती आपोआप पडते, ट्रॉली लवकर भरते. सगळेच तसं काढतात.”

“कवा?”

“पुराच्या आधीपासून काढतो.”

“देवानंद इकडूनच उतरला?”

“हाव.”

“अन् थे शिशी?”

“भगवंतरावच्या माणसानं ठेवली. मले ठेवताना दिसली.”

मग फक्त श्वास. मी हेडफोन काढायला हवा होता, पण ऐकत राहिलो.

“तू गप राह्यला,” ती म्हणाली.

“मलेच धरलं असतं, माय. ट्रॅक्टर माह्या हाती होता.” तो रडायला लागला. तो मात्र खरा रडत होता.

मला वाटलं आता ती त्याच्या कानाखाली वाजवेल, नाहीतर सगळ्यांना ऐकू जाईल असा टाहो फोडेल. मागे साखळी थांबलेली नव्हती. शेवटची बाई ‘बस’ म्हणेपर्यंत साखळी थांबत नसते, आणि तिनं बस म्हटलेलं नव्हतं. महामायेच्या पायाशी घमेली साचत चालली होती. बेबीताई उठल्या, रेती झटकली, मागे गेल्या आणि त्यातलं एक उचललं. पुन्हा खड्ड्याकडे आल्या, या खेपेला कडेपासून जरा अलीकडे थांबल्या, आणि ओतलं. मग दुसरं आणलं. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत त्या ओतत राहिल्या. वरून धावत आलेली श्रद्धा मला म्हणाली, “दादा, हे किती विलक्षण झालं!” मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच बेबीताई पायरीवर बसलेल्या.

“आवाज आला का तुमच्या त्याच्यात?”

“आला.”

“सगळा?”

“सगळा.”

“मंग पुसून टाका. माह्यासमोर पुसा.”

माझं डोकं फिरलं. दोन वर्षं जी बाई रस्त्यावरच्या माणसाला थांबवून विचारत होती, तिच्या हाती अखेर पुरावा आला होता. मी म्हटलं, “बेबीताई, देवानंद प्यालेला नव्हता हे आता तुमच्या घरातलंच माणूस सांगतंय. सारिकेला हेच ऐकवायचं होतं ना?”

“हाव.”

“मग?”

“भगवंतराव सुटन. धरतीन कोणाले? ज्यानं खोदलं त्याले. मेलेल्याचं नाव चांगलं करू अन् जिता जेलात घालू?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “निळूभाऊ, तुमचेच दात अन् तुमचेच ओठ असते तं तुमी काय केलं असतं?”

मला राग आला होता, आणि नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. मी आवाज पुसला. स्क्रीनवर काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, तरी संपेपर्यंत डोळा हलवला नाही. श्रद्धाला मी माइक बिघडला म्हणून सांगितलं. ती आधी हळहळली, मग म्हणाली, नि:शब्दच ठेवू, नदीही गप्पच झाली आहे.

पावसाळा संपता संपता बुलढाण्यात एका सभागृहात तो व्हिडिओ दाखवला. प्राध्यापक, पत्रकार, श्रद्धाचे नातेवाईक असे बरेच लोक जमले होते. वस्तीतल्या बाया जीपमधून आल्या. जीप रवी चालवत होता. सारिका धामणगाव बढ्याहून एसटीनं आली आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसली. बेबीताईंना दिलेला शब्द तिनं पाळला होता, आणि बेबीताईंना तिला ‘येऊ नको’ म्हणायची हिंमत झाली नव्हती.

अंधारात पडद्यावर नदी आली. बायांच्या हातांतून उतरत, वळण घेत, खाली खाली. शेवटी बेबीताई एकट्या, खड्ड्याशी. रवीचं धावणं श्रद्धानं काढून टाकलं होतं. बाई रिकामं घमेलं ओतते आणि परत जाते, ओतते आणि परत जाते, एवढंच. दिवे लागल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारच्या एका मास्तरांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, यासाठी कोणता कॅमेरा वापरला.

श्रद्धानं दिलेला शब्द पाळला. बेबीताईंना पुढे बोलावलं, हातात माइक दिला आणि म्हणाली, “या नदीनं त्यांचा मुलगा नेला. तो कसा गेला, हे त्यांना तुम्हाला सांगायचं आहे.”

बाईनं पांढरी साडी नेसली होती, विहारात जाताना नेसतात ती. माइक तोंडापासून फार लांब धरला होता. तिनं आधी सारिकेकडे पाहिलं. सारिका मान ताठ करून ऐकायला बसली होती. मग दाराशी उभ्या असलेल्या रवीकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, काहीच बोलू नका, आभार माना आणि खाली बसा. पण लोक वाट पाहत होते, आणि आजवर ही बाई जे ओरडून सांगत आली ते साऱ्या वस्तीला पाठ होतं. आज ती गप्प बसली असती तर लोकांनी विचारलं असतं, का गप्प बसली. आणि प्यालेला नव्हता म्हणाली असती, तर समोरच्या पत्रकारांनी विचारलं असतं, मग कसा गेला.

“माहा मोठा पोरगा नदीत गेला,” बेबीताई म्हणाल्या. “पेला होता. पाय घसरला.”

वस्तीतल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. श्रद्धानं घाईघाईनं माइक घेतला आणि पाण्याच्या प्रश्नावर बोलायला लागली. बेबीताई जागेवर येऊन बसल्या.

बाहेर पायऱ्यांवर सारिका त्यांची वाट पाहत थांबली होती. तिनं वाकून सासूचे पाय धरले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मी तुमाले लय बोलली. पण आज तुमी खरं बोलल्या. माहं मन मोकळं झालं.”

रवीनं जीपचं दार उघडून धरलं होतं. बेबीताईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

“हाव पोरी,” त्या म्हणाल्या. “आज खरं बोलली.”